सव्वाचार एकरांचे साडेतीन एकर

आकडा म्हणजे आकडा. दोनाला दोन म्हणण्यासाठी शास्त्र कशाला हवे, असे पुष्कळांना वाटते. मलाही गेल्या मे महिन्यापर्यंत तसेच वाटत होते. मी कला शाखेचा विद्यार्थी. गणिताशी माझे सख्य शाळेतच संपले. पण हल्ली संगणकाची थोडीफार भाषा आली पाहिजे असे सगळेच सांगतात, म्हणून सुट्टीत मी 'जावास्क्रिप्ट' नावाची भाषा शिकू लागलो. तिचा पहिला उपयोग घरच्याच कामासाठी करावा असे मनात आले आणि तिथेच माझी फजिती झाली. त्या फजितीतून जे उमगले ते येथे मांडत आहे.

आमचे गाव पनवेल तालुक्यात. आजोबांच्या पेटीत सातबाराच्या उताऱ्यांबरोबर एक जुनी वही आहे. तीत त्यांनी आपल्या हाताने जमिनीच्या तुकड्यांची मापे लिहून ठेवली आहेत. तीन तुकडे असे: २-१०, १-३५ आणि ०-०५. जमिनीशी संबंध असलेल्या माणसाला यात सांगण्यासारखे काही नाही. आडव्या रेघेच्या डावीकडे एकर आणि उजवीकडे गुंठे. तिघा भावंडांतील वाटणीचा कागद करायचा होता आणि त्यासाठी एकूण क्षेत्र हवे होते. मी म्हटले, "आजोबा, तुम्ही बोटे मोजू नका. मी यंत्राकडून काढून देतो."

पहिल्या खेपेस मी वहीतले आकडे जसेच्या तसे लिहिले आणि मध्ये अधिकचे चिन्ह घातले. उत्तर आले: ऋण सत्तेचाळीस. यंत्राने ती रेघ वजाबाकीची समजून दोनातून दहा, एकातून पस्तीस आणि शून्यातून पाच वजा केले होते. चूक ध्यानात आली. दुसऱ्या खेपेस रेघेच्या जागी टिंब दिले आणि आकडे प्रोग्रॅममध्ये न लिहिता पडद्यावरच्या चौकटीत विचारून घेतले. उत्तर आले: २.१०१.३५०.०५. म्हणजे बेरीज झालीच नाही. तिन्ही आकडे आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडले गेले. तिसऱ्या खेपेस एका मित्राच्या सल्ल्याने प्रत्येक मजकुराचे आधी संख्येत रूपांतर करून घेतले. आता उत्तर आले ३.५. मी आनंदाने सांगितले, "साडेतीन एकर."

आजोबांनी चष्मा वर केला. "दोन एकर दहा, एक एकर पस्तीस, वर पाच गुंठे. झाले चार एकर दहा गुंठे, म्हणजे सव्वाचार एकर. तुझ्या यंत्राने पाऊण एकर कुणाला दिला रे?"

हिशेब त्यांचाच बरोबर होता. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. नव्वद, पंचाहत्तर आणि पाच मिळून एकशेसत्तर गुंठे. त्याचे चार एकर आणि वर दहा गुंठे. यंत्राने मात्र टिंबाच्या उजवीकडचे आकडे शतांश धरले. वहीत होती तीच अक्षरे, तीच क्रमवारी आणि तरीही तीन खेपांत तीन निराळी उत्तरे. यंत्र बिघडलेले नव्हते. प्रत्येक वेळी मी त्याला तोच मजकूर निराळ्या जातीचा म्हणून दिला होता.

संगणकाच्या भाषेत या जातीला 'डेटा टाइप' म्हणतात. आपण तिला मूल्याचा प्रकार म्हणू.

कला शाखेच्या वाचकाला ही कल्पना मुळीच परकी नाही. 'कर' हा शब्द घ्या. ते क्रियापद असेल तर आज्ञा आहे, नाम असेल तर हात आहे किंवा सरकारचा महसूल आहे. कागदावर दोन अक्षरेच दिसतात. त्यांचा अर्थ त्यांच्या जातीवरून ठरतो. संगणकातही तसेच. '१०' हे मूल्य संख्या असेल तर ते नवाच्या पुढचे आहे. तेच मजकूर असेल, म्हणजे अक्षरांची माळ असेल, तर ते एक या चिन्हामागे शून्य हे चिन्ह, इतकेच आहे. संगणकवाले अशा माळेला 'स्ट्रिंग' म्हणतात. संख्यांमध्ये अधिकचे चिन्ह बेरीज करते. माळांमध्ये तेच चिन्ह जोड देते. म्हणून जावास्क्रिप्टमध्ये पाच ही माळ आणि तीन ही संख्या यांच्यामध्ये अधिक घातले तर उत्तर त्रेपन्न येते आणि वजा घातले तर दोन येते. माळेत वजाबाकी करता येत नाही, म्हणून तेथे भाषा मुकाट्याने माळेची संख्या करून घेते. जोड देता येतो, म्हणून अधिकच्या वेळी संख्येचीच माळ करते.

अशा भाषांना 'स्क्रिप्टिंग' भाषा म्हणतात. चार ओळी लिहाव्यात आणि लगेच चालवून पाहाव्यात, अशा कामासाठी त्या जन्मल्या. ख्वीदो व्हान रोस्सुम यांनी पायथन ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. सी किंवा जावा यांसारख्या भाषांत मूल्य ठेवायच्या डब्यावरच चिठ्ठी लावावी लागते: हा डबा साखरेचा, यात मीठ भरता येणार नाही. स्क्रिप्टिंग भाषांत डब्यावर चिठ्ठी नसते. आतल्या मालावर असते. त्याच डब्यात सकाळी साखर आणि संध्याकाळी मीठ ठेवता येते. काम भरभर होते खरे, पण चव घेऊन पाहिल्याशिवाय डब्यात काय आहे हे कळत नाही.

मालाची जात जुळली नाही तर काय करायचे, याबाबतीत या दोन भाषांचे स्वभाव निराळे आहेत. कचेरीतल्या दोन कारकुनांची कल्पना करा. एक अतिशय सौजन्यशील. अर्ज अर्धवट भरला असला तरी 'असू द्या, मी पाहून घेतो' म्हणतो आणि मोकळ्या जागा आपल्या मनाने भरतो. दुसरा तोंडाळ. एक खूण चुकली तरी अर्ज खिडकीतून परत भिरकावतो. जावास्क्रिप्ट हा पहिला कारकून आणि पायथन दुसरा. पाच ही माळ आणि तीन ही संख्या यांची बेरीज मागितली तर पायथन साफ नकार देतो आणि चूक कोणत्या ओळीत आहे तेही सांगतो. प्रथमदर्शनी पहिला कारकून आवडतो. परंतु चुकीचे उत्तर आणि उत्तरच नाही, यांत निवड करायची झाली तर उत्तर नसलेले बरे. त्या दिवशी माझ्या प्रोग्रॅमने पहिल्या दोन खेपांस वेडीवाकडी उत्तरे दिली, ती मला लगेच खटकली. धोका तिसऱ्या उत्तरात होता, कारण ते शहाण्यासारखे दिसत होते.

आता आपल्या परिसरातलीच काही उदाहरणे पाहू.

पनवेलचा दूरध्वनी संकेतांक ०२२. याला संख्या समजले की पुढचे शून्य गळून बावीस उरतात. पूर्णांकापुढच्या शून्याला काही किंमत नसते, असे गणित सांगते; पण दूरध्वनीच्या लेखी तेच शून्य दारावरची कडी असते. याहून मौजेची गोष्ट अशी की जावास्क्रिप्टच्या जुन्या रीतीत प्रोग्रॅममध्ये ०२२ असे लिहिले तर त्याचे मूल्य अठरा होते. आकड्याच्या आधी शून्य असेल तर तो आठाच्या पटीत मोजायचा, असा एक जुना संकेत होता. दोन अठ्ठे सोळा आणि दोन, अठरा. पायथनच्या पूर्वीच्या आवृत्तीतही हेच होत असे. तिसऱ्या आवृत्तीपासून पायथन अशा आकड्याला चूक म्हणून नाकारतो.

पिन कोडचे घ्या. पनवेलचा ४१०२०६. या दोन्ही गोष्टी आकड्यांत लिहिल्या जातात, पण त्या संख्या नाहीत, नावे आहेत. दोन गावांच्या पिन कोडांची सरासरी काढली तर त्या दोघांच्या मधले गाव मिळत नाही. यावरून एक सोपी कसोटी सांगता येईल: ज्याची बेरीज किंवा सरासरी काढण्यात काही अर्थ आहे ती संख्या, ज्यात तसा अर्थ नाही ते आकड्यांच्या वेषातले नाव, आणि ते माळ म्हणूनच ठेवावे.

'सातबारा' हेच एक उत्तम उदाहरण आहे. गाव नमुना सात हा अधिकारांचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही मिळून ७/१२. प्रोग्रॅममध्ये अवतरणचिन्हांशिवाय ७/१२ लिहिले तर भागाकार होऊन ०.५८३३ असे काहीतरी हाती येते. तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये लिहिले तर त्याची तारीख होते. हिस्सा नंबरांचेही तसेच. पंचेचाळीसचा पहिला हिस्सा ४५/१ आणि दहावा हिस्सा ४५/१०. कोणी सोयीसाठी तिरक्या रेघेऐवजी टिंब दिले आणि संख्या म्हणून ठेवले, तर ४५.१ आणि ४५.१० एकच होतात. दोन निराळ्या माणसांची शेते कागदावर एका क्षणात एक होतात.

असा प्रकार आपल्याकडेच होतो असे समजू नये. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे इंग्रजी महिन्यांच्या नावांसारखी होती. शास्त्रज्ञ ती तक्त्यात भरत आणि तक्ता त्यांची तारीख करून टाकत असे. तक्ते जोडलेल्या जनुकशास्त्रीय निबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये दाखवून देण्यात आले. शेवटी २०२० मध्ये जनुकांची ती नावेच बदलावी लागली. आणि ४ जून १९९६ रोजी युरोपचे आरियान-५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले, त्याचे मूळ कारण असे की एक मोठी अपूर्णांकी संख्या, ३२,७६७ पर्यंतच मोजू शकणाऱ्या पूर्णांकाच्या लहान डब्यात कोंबली गेली होती. आमचा पाऊण एकर त्या मानाने किरकोळच म्हणायचा!

आता आपल्या वर्गाकडे वळू. तीन विद्यार्थ्यांचे गुण ९, ८५ आणि १०० आहेत. हे गुण माळ म्हणून साठवले आणि उतरत्या क्रमाने लावले, तर नऊ गुणांचा विद्यार्थी पहिला येतो आणि शंभर गुणांचा शेवटचा. शब्दकोशात जसे पहिले अक्षर पाहून शब्द लावतात, तसे यंत्र पहिला आकडा पाहून गुण लावते. नऊ आठाहून मोठा आणि आठ एकाहून मोठा. जावास्क्रिप्टची क्रम लावण्याची तयार सोय तर खऱ्या संख्यासुद्धा, वेगळे सांगितले नाही तर, अशाच शब्दकोशाच्या पद्धतीने लावते.

गैरहजर विद्यार्थ्याचे काय? ६०, ७०, ८० आणि एक मोकळी जागा. तिघांची सरासरी सत्तर. पण मोकळ्या माळेचे संख्येत रूपांतर करायला सांगितले तर जावास्क्रिप्ट तिला शून्य समजते आणि सरासरी साडेबावन्नवर येते. न येणे आणि शून्य मिळवणे यांत केवढे अंतर आहे, हे आम्हा विद्यार्थ्यांना कोणी सांगायला नको. मोकळ्या जागी 'गैरहजर' असे लिहिले असेल तर रूपांतरातून 'नॅन' हे विचित्र मूल्य मिळते. 'ही संख्या नव्हे' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे ते लघुरूप. ते एकदा हिशेबात शिरले की बेरीज, सरासरी, टक्केवारी सगळे नॅन. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी सांगतो: या 'संख्या नव्हे'ची जात विचारली तर भाषा 'संख्या' असे सांगते, आणि ते स्वतःशीसुद्धा समान नसते.

होय आणि नाही हीही एक जात आहे. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बूल यांनी तर्काचे बीजगणित मांडले, म्हणून तिला 'बूलियन' म्हणतात. येथेही सावध राहावे लागते. जावास्क्रिप्ट आणि पायथन या दोन्ही भाषांत मोकळी नसलेली कोणतीही माळ 'होय' धरली जाते. म्हणजे 'फी भरली का?' या रकान्यात कोणी 'नाही' असा शब्द लिहिला, आणि प्रोग्रॅमने रकान्यात काही आहे की नाही एवढेच पाहिले, तर त्या 'नाही'चा अर्थ 'होय' होतो!

मराठी माणसाच्या दृष्टीने अंकांच्या लिपीचाही प्रश्न आहे. या लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत. प्रोग्रॅममध्ये आंतरराष्ट्रीय अंक लिहावे लागतात. पण उताऱ्यावरून किंवा जुन्या वहीतून उतरवलेली माहिती देवनागरी अंकांत असू शकते. पायथनला देवनागरीतील '४५' ही माळ देऊन तिचा पूर्णांक करायला सांगितले तर तो बरोबर पंचेचाळीस देतो. जावास्क्रिप्ट मात्र तिचे नॅन करते. तोंडाळ कारकुनाला आपली लिपी येते आणि सौजन्यशील कारकुनाला येत नाही, ही गंमत मला फार आवडली.

आता आमच्या भागातील सर्वांच्या जिव्हाळ्याच्या आकड्याकडे येतो. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात मोठे आंदोलन झाले. त्यात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. 'साडेबारा टक्के' हे शब्द आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतात.

समजा, हा आकडा कोणी १२½ असा लिहिला. माळेतून पूर्णांक काढून घेण्याची जावास्क्रिप्टमधील सोय डावीकडून वाचत जाते आणि न समजणारे चिन्ह आले की थांबते. ती बारा घेते आणि अर्धा सोडून देते. अपूर्णांक वाचणारी तिची बहीणही त्या चिन्हाजवळच थांबते. १२.५ असे लिहिले तरी पूर्णांकाची सोय बाराच देते. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. बाकीचे नियम बाजूला ठेवून नुसते गणित पाहिले तर साडेबारा टक्क्यांनी १,२५० चौरस मीटर होतात आणि बारा टक्क्यांनी १,२००. पन्नास चौरस मीटर गेले, आणि चूक झाल्याचा एक शब्दही पडद्यावर उमटला नाही. शिवाय १,२५० मधल्या स्वल्पविरामाजवळ हीच सोय थांबली तर उरतो एक चौरस मीटर. ज्या अर्ध्या टक्क्यामागे माणसांचे रक्त आहे, तो एका चिन्हाच्या जातीमुळे नाहीसा होऊ शकतो, हे मला फार गंभीर वाटते.

शेवटी एक गोष्ट आजोबांच्या वहीतूनच शिकलो. संगणकाला शून्यापूर्णांक एक आणि शून्यापूर्णांक दोन यांची बेरीज विचारली तर तो ०.३ म्हणत नाही, ०.३०००००००००००००००४ म्हणतो. कारण तो दोनाच्या पटीत मोजतो आणि एकदशांश त्या पद्धतीत कधीच संपत नाही, जसा एकतृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत संपत नाही. ०.३३ तीनदा घेतले तर ०.९९ होतात, एक शतांश कोठे गेला? वहीत तिघा भावंडांचा हिस्सा प्रत्येकी पाच आणे चार पै असा लिहिला आहे. मी हिशेब करून पाहिला. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, एकूण एकशेब्याण्णव पै. त्याचा तिसरा भाग बरोबर चौसष्ट पै, म्हणजे पाच आणे चार पै. एक पैसुद्धा उरत नाही. १ एप्रिल १९५७ पासून नाण्यांत दशमान पद्धत आली आणि पै व्यवहारातून गेली, पण वाटणीच्या कागदावर आणे टिकून राहिले, ते उगाच नव्हे. ज्या वस्तूचा हिशेब करायचा तिला साजेल असा प्रकार आधी निवडायचा, ही युक्ती त्या लोकांना ठाऊक होती. पायथनमध्ये आज व्यवहारी अपूर्णांकांसाठी आणि काटेकोर दशांशांसाठी वेगळे प्रकार दिलेले आहेत, ते याच गरजेतून.

मग मी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. रेघेच्या डावीकडचे एकर वेगळे घेतले, उजवीकडचे गुंठे वेगळे घेतले. एकरांना चाळीसने गुणून सगळ्याचे गुंठे केले. ते पूर्णांकच राहिले. बेरीज झाली एकशेसत्तर. शेवटी चाळीसने भागून भागाकार चार आणि बाकी दहा असे दाखवले. आजोबांना पडदा दाखवला. ते म्हणाले, "आता आले बरोबर. पण हे मी आधीच सांगितले होते ना?"

वाचकहो, त्यांना उत्तर देणे मला जमले नाही. एवढे मात्र सांगता येईल की त्यांच्या मनात 'दोन-दहा' ही संख्या कधीच नव्हती. ते जमिनीचे माप होते. मला फक्त आकडे दिसत होते. यंत्राला तर तेवढेही दिसत नाही. आपण जी जात सांगू ती ते धरून चालते आणि पुढचे सारे गणित अचूक करते. म्हणून आकडे भरणाऱ्या प्रत्येकाने, मग तो गुणपत्रिका करणारा असो वा वाटणीचा कागद, बेरजेचे चिन्ह देण्यापूर्वी क्षणभर थांबून एवढे विचारावे: हे काय आहे? संख्या, नाव, तारीख, की माप? आणि उत्तर आल्यावर ते एकदा घरातल्या जाणत्या माणसाला दाखवावे.